मूत्राशय काढल्यावर: आयुष्य किती, काळजी कोणती?

कर्करोगामुळे मूत्राशय काढलं तर पुढे माणूस किती वर्षं जगतो, हे मूत्राशय नसण्यावर फारसं ठरत नाही. ठरतं ते पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर. गाठ स्नायूच्या थरातच थांबलेली आणि लसिकाग्रंथी स्वच्छ असतील, तर पाच वर्षांनंतर दहापैकी साधारण सात जण हयात असतात. गाठ भिंतीबाहेरच्या चरबीत शिरली असेल तर जवळपास निम्मे, ग्रंथींत पोचली असेल तर तीनेक. बिडी-तंबाखू मात्र सुटायलाच हवी.

बहुतेकांच्या बाबतीत लहान आतड्याचा १५ ते २० सेंमी तुकडा घेऊन त्याला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात आणि त्याचं तोंड बेंबीच्या उजवीकडे खाली काढतात. हाच स्टोमा. त्याची जागा आदल्या दिवशी रुग्णाला उभं करून, बसवून, वाकवून आखावी. साडीच्या निऱ्या किंवा धोतराची गाठ कुठे येते तेही बघावं. हे टाळलं की फ्लँज (स्टोमाभोवती कातडीला चिकटवायची, लघवीची पिशवी धरणारी चकती) नीट चिकटत नाही, लघवी झिरपते आणि कातडी सोलवटते.

पहिल्या आठवड्यात खरा त्रास आतड्याचा. ते काही दिवस हलत नाही, पोट फुगतं, उलट्या होतात. सुरुवात पेज, मऊ भात यांनी करावी; कडक भाकरी आणि शेंगाचटणी नंतर. रक्ताची गुठळी टाळणारी इंजेक्शनं बहुधा चार आठवडे चालतात, घरी गेल्यावरही. सहा आठवडे भरलेली घागर उचलायची नाही. पूर्ण ताकद यायला तीनेक महिने लागतात.

फ्लँज सकाळी चहापाण्याआधी बदलावा, तेव्हा लघवी कमी येते. भोक स्टोमापेक्षा २-३ मिमी मोठं कापावं, कातडीला तेल लावू नये आणि पिशवी निम्मी भरायच्या आत रिकामी करावी. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा घामाने फ्लँज लवकर सुटतो. नेहमीच्या चार दिवसांची वाट न बघता आधीच बदलावा. पाणी अडीच-तीन लिटर हवं (हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच). पाणी कमी पडलं की खडे आणि जंतुसंसर्ग होण्याची भीती वाढते.

लघवीतले पांढरे धागे म्हणजे पू नव्हे, आतड्याचा चिकट स्राव. थकवा आणि भूक मंदावणं टिकून राहिलं तर रक्तातलं बायकार्बोनेट (आम्ल निवळवणारा क्षार) तपासावं, कारण आतडं लघवीतलं आम्ल परत शोषतं.

कल्चरसाठी, म्हणजे जंतू ओळखायच्या तपासणीसाठी, पिशवीतली लघवी देऊ नका. तिच्यात जंतू असतातच आणि उगाच अँटिबायोटिक सुरू होतं. नमुना स्टोमात नळी घालून घ्यावा लागतो. थंडी वाजून ताप आला किंवा कंबरेच्या बाजूला दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.