निरोगी ऊतकांतील चालक उत्परिवर्तने

गर्भधारणेनंतर एखाद्या शरीरपेशीत घडलेला आणि तिला शेजारच्या पेशींहून अधिक वाढण्याची क्षमता देणारा जनुकीय बदल म्हणजे चालक उत्परिवर्तन होय. तो संततीत जात नाही. मात्र त्या पेशीच्या विभाजनातून झालेल्या सर्व पेशींत उतरतो, आणि अशा एकाच वंशाच्या पेशीसमूहाला क्लोन म्हणतात. उतारवयातील निरोगी त्वचा, अन्ननलिका, गर्भाशयाचे अस्तर व रक्त यांत अशी उत्परिवर्तने विपुल असतात, हे मुख्यतः २०१४ नंतर स्पष्ट झाले.

निरोगी दिसणाऱ्या ऊतकातही बदललेल्या पेशी असतात, या कल्पनेचे मूळ कोठे मानावे याविषयी एकमत नाही. काही लेखक ते टेओडोर बोव्हेरी यांच्या १९१४ मधील प्रबंधापर्यंत नेतात. परंतु बोव्हेरी यांचा विषय अर्बुदपेशी, म्हणजे गाठीतील पेशी, हा होता. १९५३ मध्ये डी. पी. स्लॉटर व सहकाऱ्यांनी मुखकर्करोगाच्या गाठीभोवतालचे अस्तरही बिघडलेले असते हे दाखवले, आणि बरेच ग्रंथ तेथूनच आरंभ करतात. तथापि तो बिघाड सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा होता. त्याहून जवळचा पूर्वज बहुधा आयझॅक बेरेनब्लूम व फिलिप शूबिक यांचा १९४० च्या दशकातील प्रयोग ठरेल. उंदराच्या त्वचेवर कर्करोगकारक रसायन अल्प मात्रेत एकदाच लावले, तर सहसा गाठ येत नसे. पण नंतर, अगदी कित्येक आठवड्यांच्या खंडानंतरही, त्याच जागी जमालगोट्याचे तेल वारंवार लावले की गाठी उठत. मधल्या काळात बदललेल्या पेशी त्वचेत निमूट टिकून होत्या, एवढे त्यावरून अनुमानता आले. तो बदल नेमका कोणत्या जनुकात झाला हे दाखवण्याचे साधन तेव्हा नव्हते.

सूर्यप्रकाश लागलेल्या निरोगी मानवी त्वचेत, पेशींच्या बेलगाम वाढीला आवर घालणाऱ्या पी-५३ प्रथिनात बिघाड असलेले ६० ते ३,००० पेशींचे पुंजके १९९६ मध्ये वर्णिले गेले. निर्णायक मानले जाते ते इन्यिगो मार्तिंकोरेना, फिलिप जोन्स, पीटर कॅम्पबेल प्रभृतींचे २०१५ मधील काम. लोंबलेल्या वरच्या पापणीच्या शस्त्रक्रियेत कापून टाकली जाणारी जास्तीची त्वचा त्यांनी घेतली, ५५ ते ७३ वयाच्या चार व्यक्तींच्या त्वचेचे २३४ बारीक तुकडे केले व त्यांतील ७४ जनुके वाचली. १८ ते ३२ टक्के पेशींत चालक उत्परिवर्तने निघाली. त्वचा मात्र दिसायला व कामाला सर्वसाधारण होती.

त्याच गटाच्या २०१८ मधील अन्ननलिकेच्या अभ्यासाने ‘चालक’, म्हणजे कर्करोगाकडे नेणारे, ही संज्ञाच अडचणीत आणली. मध्यमवयीन व वृद्ध दात्यांच्या अस्तरात १२ ते ८० टक्के पेशींत नॉच-१ हे पेशींच्या वाढीचे नियमन करणारे जनुक बदललेले होते, तर अन्ननलिकेच्या शल्कपेशी (अस्तरातील चपट्या पेशींच्या) कर्करोगांपैकी केवळ दहा टक्क्यांच्या आसपास कर्करोगांत ते बदललेले असते. पी-५३ प्रथिनाचे जनुक असलेल्या टीपी-५३ चे नेमके उलट आहे: निरोगी अस्तरात थोडे, कर्करोगांत बहुतेक सर्वत्र. नॉच-१ चे उत्परिवर्तन हा कर्करोगाकडे जाणारा पहिला टप्पा असे एक मत आहे. ते क्लोनला अस्तरात जागा जिंकून देते, पण कर्करोगापासून दूर ठेवते, असे दुसरे. उंदरांवरील नंतरचे प्रयोग दुसऱ्या मताकडे झुकतात. २०२१ मध्ये, आसपासचे उत्परिवर्तित क्लोन नुकत्याच उगवलेल्या सूक्ष्म गाठींना अस्तरातून अक्षरशः ढकलून बाहेर काढतात असे दिसले, आणि २०२३ मध्ये नॉच-१ गमावलेल्या गाठींची वाढ मंदावल्याचे आढळले.

मोठ्या आतड्यात, पन्नाशी-साठीतही, चालक उत्परिवर्तन असलेल्या ग्रंथिका (अस्तरातील सूक्ष्म नळीसारख्या खळग्या) सुमारे एक टक्काच असतात. रक्तात डीएनएमटी-३ए व टेट-२ या जनुकांतील बदल प्रमुख असून सत्तरीनंतर सुमारे दहा टक्के व्यक्तींत असे क्लोन सापडतात. त्यांतून रक्ताचा कर्करोग उद्भवण्याचे प्रमाण वर्षाला ०.५ ते १ टक्का आहे.

फुप्फुसासंबंधी २०२३ मध्ये ब्रिटिश कर्करोगतज्ज्ञ चार्ल्स स्वांटन यांच्या गटाने निरोगी नमुन्यांपैकी १८ टक्क्यांत ईजीएफआर व ५३ टक्क्यांत के-रास या जनुकांची चालक उत्परिवर्तने नोंदवली. हवेतील २.५ मायक्रॉनहून बारीक धूलिकण ही उत्परिवर्तने घडवत नसून दाह निर्माण करून आधीच बदललेल्या पेशींना चेतवतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जमालगोट्याच्या तेलाची भूमिका येथे धूलिकणांकडे येते.

नवी मुंबईतील ॲक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था व पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकसंच संस्था यांच्या सहभागाने झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय प्रकल्पात, गाल व हिरड्यांच्या कर्करोगात टीपी-५३, फॅट-१, कॅस्प-८, एच-रास व नॉच-१ ही जनुके वारंवार बदललेली आढळली. यांपैकी फॅट-१ व नॉच-१ निरोगी अस्तरांतही बदललेली असल्याने, केवळ गाठीतील आढळावरून त्यांचे कारकत्व ठरवणे आता पुरेसे समजले जात नाही.