सॅक्सनी म्हणजे नेमकी कुठली? अर्नेस्टाइन आणि अल्बर्टाइनचा घोळ

मार्टिन ल्यूथरवर काहीही वाचायला घ्या, एकदा तरी डोकं गरगरतंच. एका ठिकाणी लिहिलेलं असतं की सॅक्सनीच्या राजानं ल्यूथरला पाठीशी घातलं, वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवून ठेवलं. आणि चार पानं पुढं गेलं की त्याच सॅक्सनीच्या राजानं 1522 मध्ये ल्यूथरनं केलेल्या बायबलच्या नव्या कराराच्या भाषांतरावर बंदी घातली, लोकांकडच्या प्रती जमा करायला लावल्या. मग आपण मागं जाऊन बघतो की मधे काही पान सुटलं का, हा माणूस इतका फिरला कसा. तर तो फिरलेला नाही, माणसंच दोन आहेत. लपवणारा फ्रीड्रिख, बंदी घालणारा गेऑर्ग, दोघं सख्खे चुलत भाऊ, दोघंही स्वतःला सॅक्सनीचे म्हणवणार, आणि दोघांचे मुलूख एकमेकांत असे घुसलेले की नकाशा बघून पण पटकन कळत नाही.

फ्रीड्रिखचं घर म्हणजे अर्नेस्टाइन, गेऑर्गचं अल्बर्टाइन. मूळ घराणं एकच, वेटिन. त्यांचा जुना मुलूख मायसन आणि थुरिंगिया, म्हणजे खरं तर सॅक्सनी हे नाव त्यांचं नव्हतंच. विटेनबर्गला सॅक्सनीचं इलेक्टरपद सांभाळणारं जे घर होतं त्याचा वंश 1422 ला संपला, आणि 1423 ला पुढं सम्राट झालेल्या सिगिसमुंडनं तो विटेनबर्गचा तुकडा वेटिनांना देऊन टाकला, कारण हुसाइट लोकांशी, म्हणजे बोहेमियातल्या यान हुसच्या बंडखोर अनुयायांशी, लढताना त्यांची मदत झाली होती. तुकडा लहान पण मान मोठा, त्यामुळे हळूहळू अख्खा मुलूखच सॅक्सनी म्हणवून घ्यायला लागला.

इथं एक गोष्ट पक्की डोक्यात बसवून घ्या, बाकी सगळं तिच्यावरच चालतं. इलेक्टर म्हणजे पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीचा, सम्राट निवडताना ज्यांना मत असायचं अशा सात जणांपैकी एक, आणि 1356 च्या सुवर्ण फर्मानाप्रमाणे त्या पदाची आणि त्याला जोडलेल्या जमिनीची वाटणी करता यायची नाही. ड्यूक मात्र घरातला प्रत्येक पोरगा. जर्मन राजघराण्यांत किताब सगळ्या मुलांना मिळायचा, थोरल्यालाच मिळेल असं काही नाही, म्हणून एका वेळी सॅक्सनीचे पाच-सहा ड्यूक फिरत असले तरी इलेक्टर एकच असतो. पुस्तकात नुसतं 'सॅक्सनीचा ड्यूक' लिहिलं असेल तर त्यावरून काहीही कळत नाही, कुठला ड्यूक ते विचारायलाच लागतं.

आता वाटणीकडे येऊ. अर्न्स्ट आणि आल्ब्रेख्त हे दोन भाऊ, यांच्याच नावानं पुढं ही दोन घरं ओळखली जातात. लहानपणी दोघांना एकदा पळवून पण नेलं होतं, 1455 च्या जुलैत, आल्टेनबर्गच्या किल्ल्यातून, रात्री. पळवणारा कुन्झ फॉन काउफुंगेन हा त्यांच्या बापाचाच सरदार, आधीच्या लढाईतली नुकसानभरपाई दिली नाही म्हणून चिडलेला. पोरं आठवड्याभरात सुखरूप परत आली आणि कुन्झचं डोकं फ्रायबर्गच्या चौकात उडवलं. (हा किस्सा तिकडच्या पोरांना शाळेपासून माहीत असतो.)

बाप 1464 ला गेला, त्यानंतर वीस वर्षं दोघांनी मिळून कारभार केला आणि मग 1485 ला लाइपझिगमध्ये वाटणी केली. पद्धत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. विटेनबर्ग वाटणीत येणारच नव्हतं, ते इलेक्टरपदाबरोबर थोरल्या अर्न्स्टकडे. उरलेल्याचे वाटे पाडल्यावर आल्ब्रेख्तनं मायसनचा वाटा उचलला, म्हणजे ड्रेस्डेन, लाइपझिग, फ्रायबर्ग. अर्न्स्टकडे थुरिंगियाचा बराचसा भाग, व्हायमार, गोथा, आयझेनाख, कोबर्ग, शिवाय टोरगाऊ आणि त्स्विकाऊ. पुढच्याच वर्षी अर्न्स्ट वारला, गादीवर फ्रीड्रिख आला.

पण वाटणी स्वच्छ नव्हती, मुद्दामच ठेवली नव्हती. सीमा अशा की लाइपझिगहून ड्रेस्डेनला निघालं तरी मधे चुलत भावाचं ग्रिम्मा लागतं. श्नेबर्गच्या चांदीच्या खाणी दोघांत सामाईक राहिल्या, नाणी पण मिळून पाडायची. 1500 पासूनचा एक टालर, म्हणजे चांदीचं मोठं नाणं, आहे, त्याच्या एका बाजूला फ्रीड्रिख, दुसऱ्या बाजूला त्याचा काका आल्ब्रेख्त आणि भाऊ योहान समोरासमोर तोंड करून, डोक्यावर टोप्या. राज्यं दोन, नाणं एक! एकाच नाण्यावर दोन्ही घरं बघितल्यावर 'सॅक्सनीचं नाणं' असं लिहिणाऱ्यांचा राग तरी कसा करणार.

विद्यापीठांचं बघा. लाइपझिगचं विद्यापीठ 1409 चं, ते वाटणीत धाकट्या घराकडे गेलं, म्हणून फ्रीड्रिखनं 1502 ला स्वतःचं नवीन काढलं, विटेनबर्गला. त्याच विद्यापीठात ल्यूथर शिकवत होता. म्हणजे भाऊबंदकी झाली नसती तर ल्यूथर विटेनबर्गला आलाच असता का हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. 1519 चा ल्यूथर आणि त्याचे कॅथलिक विरोधक यांच्यातला मोठा जाहीर वाद झाला लाइपझिगला, गेऑर्गच्या गावात, स्वतः गेऑर्ग समोर बसून ऐकत होता आणि तिथूनच त्याचं मत ल्यूथरविरुद्ध पक्कं झालं. तो 1539 ला मरेपर्यंत त्याचा मुलूख कॅथलिक राहिला, भाऊ हाइनरिख गादीवर आल्या आल्या तो मुलूख प्रोटेस्टंट झाला. तर 1517 ते 1539 मधलं काही वाचत असाल आणि सॅक्सनी ल्यूथरच्या बाजूनं असेल तर ती अर्नेस्टाइन, विरोधात असेल तर अल्बर्टाइन, एवढं सोपं आहे.

1539 नंतर दोन्ही घरं एकाच पंथाची, मग भांडण मिटायला हवं ना? उलट वाढलं. 1542 ला वुर्त्सेन नावाच्या छोट्या गावावरून दोघं सैन्य घेऊन समोरासमोर आले. गाव मायसनच्या बिशपचं, त्यावर हक्क दोन्ही घरांचा सामाईक, आणि तुर्कांशी लढायचा कर तिथं कोणी गोळा करायचा हा वाद. इलेक्टर योहान फ्रीड्रिख, म्हणजे ल्यूथरला लपवणाऱ्या फ्रीड्रिखचा पुतण्या, यानं माणसं घुसवली, तर पलीकडून हाइनरिखचा मुलगा मॉरित्झ, जेमतेम एकवीस वर्षांचा, सैन्य घेऊन आला. मॉरित्झचे सासरे म्हणजे हेसचे फिलिप मधे पडले, ल्यूथरनं दोघांनाही खरमरीत सुनावलं, आणि ऐन ईस्टरला समेट झाला. शिपाई न लढताच घरी जाऊन सणाच्या पोळ्या खात बसले, म्हणून या भानगडीचं नावच पोळ्यांची लढाई पडलं.

पाचच वर्षांनी मात्र पोळ्यांवर भागलं नाही. सम्राट पाचवा कार्ल प्रोटेस्टंट राजांवर चालून आला तेव्हा प्रोटेस्टंट मॉरित्झ कॅथलिक सम्राटाकडे गेला, कारण समोर त्याला चुलत घराण्याचं इलेक्टरपद दिसत होतं. 24 एप्रिल 1547 ला एल्बकाठी म्यूलबर्गला लढाई झाली, योहान फ्रीड्रिख गालावर वार खाऊन कैद झाला, त्याला देहदंड सुनावला, आणि जीव वाचवायला मे महिन्यात त्यानं विटेनबर्गच्या करारावर सही केली. इलेक्टरपद गेलं, विटेनबर्ग गेलं, टोरगाऊ गेलं, सगळं मॉरित्झकडे. ल्यूथर आदल्याच वर्षी वारला होता, त्याची कबर विटेनबर्गच्या चर्चमध्ये, म्हणजे ज्या गेऑर्गनं त्याच्या पुस्तकावर बंदी घातली त्याच गेऑर्गच्या पुतण्याकडे कबर गेली. लोकांनी मॉरित्झला मायसनचा जुडास, म्हणजे विश्वासघातकी, म्हटलं. मला तो इतका वाईट वाटत नाही, 1552 ला तोच सम्राटावर उलटला आणि प्रोटेस्टंटांना श्वास घ्यायला जागा मिळवून दिली, पण विश्वास ठेवावा असा माणूस नव्हता हे खरंच.

म्हणून 1547 हे साल लक्षात ठेवायचं. त्याआधी 'इलेक्टरची सॅक्सनी' म्हणजे अर्नेस्टाइन आणि 'ड्यूकची सॅक्सनी' म्हणजे अल्बर्टाइन. त्यानंतर बरोबर उलटं. जुन्या नकाशांवर रंग तेच असतात, पाट्या बदलतात, आणि सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात.

हरलेल्या घरानं पहिलं काम काय केलं, तर पुन्हा विद्यापीठ! विटेनबर्ग गेलं म्हणून 1548 ला येनाला शाळा काढली, 1558 ला तिचं रीतसर विद्यापीठ झालं, आणि विटेनबर्गचं ग्रंथालय पण त्यांनी काढून तिकडेच नेलं. घर धुवून नेलं पण पुस्तकं सोडली नाहीत.

इथून पुढं दोघांचे स्वभावच वेगळे दिसतात. अल्बर्टाइन मुलूख बऱ्यापैकी एकत्र ठेवतात. मधे एकदा धाकट्या मुलांना तीन छोटी राज्यं काढून दिली होती, तीही 1746 पर्यंत परत आली. लाइपझिगच्या जत्रांचा पैसा, डोंगरातली चांदी, मग 1697 ला पोलंडचं सिंहासन (त्यासाठी इलेक्टर ऑगस्ट चक्क कॅथलिक झाला, ल्यूथरच्या सॅक्सनीचा राजा!), 1710 ला मायसनचा चिनीमातीचा कारखाना. त्या भांड्यांच्या तळाला दोन तलवारींची जी निळी फुली असते ना, ती इलेक्टरच्या पदाची खूण, 1547 ला मिळवलेली.

अर्नेस्टाइन मात्र वाटण्याच करत बसले. 1572 ला एरफुर्टमध्ये पहिली मोठी वाटणी, आणि एरफुर्ट शहर त्यांचं पण नाही, नावाला तरी माइन्झच्या आर्चबिशपचं. गोथाचा अर्न्स्ट 1675 ला गेला, मागं सात मुलगे, 1680 ला सात राज्यं! गोथा, कोबर्ग, मायनिंगेन, र्योमहिल्ड, आयझेनबर्ग, हिल्डबुर्गहाउझेन, साल्फेल्ड, आणि प्रत्येकाच्या पुढं 'सॅक्स' लावलेलं. काहींचा वंश एका पिढीत संपला की उरलेले पुन्हा त्या तुकड्यावरून भांडणार. हसायला येतं, पण प्रत्येक तुकड्याला स्वतःचा दरबार, स्वतःचे वादक लागायचे हेही खरं. बाख जन्मला आयझेनाखला, नोकरीला व्हायमारला, तिथून सोडून जायचा हट्ट धरला म्हणून ड्यूकनं 1717 ला त्याला जवळपास महिनाभर कोंडून ठेवलं, आणि शेवटी स्थिरावला लाइपझिगला, म्हणजे दुसऱ्या घराच्या सॅक्सनीत. गटेला पण व्हायमारनंच बोलावलं.

शेवटचा सापळा आपल्या भायखळ्यापर्यंत येतो. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं जुनं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, त्यातला अल्बर्ट म्हणजे राणीचा नवरा, सॅक्स-कोबर्ग-गोथाचा. नाव अल्बर्ट म्हणून तो अल्बर्टाइन असेल असं वाटतं, पण तो पक्का अर्नेस्टाइन, आणि त्याच्या थोरल्या भावाचं नाव अर्न्स्ट. याच घरातून बेल्जियमचा लिओपोल्ड आणि बल्गेरियाचा फर्डिनांड पण गेला.

आजच्या नकाशात शोधायचं तर सॅक्सनी राज्य, ड्रेस्डेन-लाइपझिगवालं, हे अल्बर्टाइनांचं उरलेलं. निम्म्याहून जास्त जमीन 1815 ला प्रशियानं घेतली, त्यात विटेनबर्गही गेलं, म्हणून ते आज सॅक्सनी-आनहाल्टमध्ये आहे. अर्नेस्टाइनांची राज्यं 1920 ला थुरिंगियात विरली, फक्त कोबर्गच्या लोकांनी मतदान करून थुरिंगियाला नाही म्हटलं आणि ते बव्हेरियात गेले. आणि लोअर सॅक्सनी, हॅनोवरवालं, त्याचा या दोन्ही घरांशी काही संबंध नाही, ते राज्य 1946 ला बनलंय.