शाळेत समुपदेशक व्हायचंय? कोकणातल्या शिक्षकांसाठी अभ्यासक्रम, पात्रता आणि कागदपत्रं

कोकण विभागीय मंडळाने २०१२ साली पहिली परीक्षा घेतली, तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात रत्नागिरी-सिंधुदुर्ग राज्यात पुढे आहेत. पण एवढे गुण मिळवलेल्या मुलाने पुढे काय करायचं, हे त्याच्याजवळ बसून शांतपणे बोलणारं माणूस आपल्या बहुतेक मराठी शाळांत नाही. मुलगा नववीत अचानक गप्प का झाला, हे विचारणारंही नाही. हे काम नीट शिकून करू इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी ही माहिती.

आधी एक खुलासा. ‘घरबसल्या एम.ए. मानसशास्त्र’ हा अनेकांचा बेत असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचे नवे प्रवेश बंद केले आहेत. कोणी एजंट अजूनही ‘करून देतो’ म्हणत असेल तर एक रुपयाही देऊ नका.

नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी माझ्या मते सगळ्यात चांगली वाट म्हणजे एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशन पदविका अभ्यासक्रम. तो एक वर्षाचा आहे आणि त्याचे तीन टप्पे आहेत. जानेवारी ते जून घरून अभ्यास, जुलै ते सप्टेंबर केंद्रावर राहून प्रत्यक्ष वर्ग, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर आपल्याच गावात इंटर्नशिप. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या क्षेत्रात येतात. रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेस थेट भोपाळला जाते, त्यामुळे प्रवासाचं फार अडत नाही. अडतं ते गणपतीत. मधले तीन महिने नेमके चतुर्थीच्या आसपासचे असतात, तेव्हा घरात आधीच बोलून ठेवा.

पात्रता साधारण अशी: पदवी आणि बी.एड. किंवा तत्सम अध्यापन पदवी, किमान ५० टक्के गुण. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत मिळते. मानसशास्त्र, समाजकार्य, बालविकास किंवा विशेष शिक्षण यांत पदव्युत्तर असलेल्यांनाही अनुभवाच्या अटीवर अर्ज करता येतो. सरकारने पाठवलेल्या शिक्षकाला फी बरीच कमी पडते, स्वखर्चाने जाणाऱ्याला जास्त. कोर्स जानेवारीत सुरू होत असल्याने अर्ज आदल्या वर्षीच निघतात.

आता ना हरकत पत्र. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर अर्ज मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक) असा वर जातो. अनुदानित माध्यमिक शाळेत आधी संस्थेची संमती, नंतर शिक्षणाधिकारी (माध्यमिक). प्रत्येक टेबलावर आवक क्रमांक घ्या आणि तो स्वतःच्या प्रतीवर लिहून ठेवा. त्याच अर्जात तीन महिन्यांच्या रजेचाही स्पष्ट उल्लेख करा. नुसती ‘अभ्यासक्रमास परवानगी’ मिळाली आणि रजा राहिली तर जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

जातीच्या दाखल्यावर थोडं थांबू. एनसीईआरटी केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे ओबीसी उमेदवाराला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर चालत नाही. शिवाय आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हे वेगळं तपासावं लागतं, कारण राज्याची आणि केंद्राची यादी तंतोतंत सारखी नाही. आपले सरकार केंद्रात अर्ज भरताना ‘केंद्रासाठी’ असं स्पष्ट सांगा.

लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांनी हे आत्ताच करावं. दहावी-बारावीवर माहेरचं नाव, बी.एड.वर सासरचं, आधारवर तिसऱ्याच पद्धतीचं, असं बहुतेकींचं असतं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र ग्रामपंचायतीतून किंवा नगरपरिषदेतून घ्या, आणि राजपत्रात नावबदल झालेला असेल तर त्या पानाची प्रतही जोडा. अर्जातलं नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळवून घ्या. दहावीचं प्रमाणपत्र हरवलं असेल तर दुय्यम प्रतीसाठी अर्ज करण्याआधी आपली परीक्षा कोणत्या मंडळाची होती ते पाहा. कोकण मंडळ होण्याआधी हे दोन्ही जिल्हे कोल्हापूर मंडळात होते.

बाकी कागद नेहमीचेच: पदवी आणि बी.एड.च्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा अनुभवाचा दाखला, ओळखपत्र, फोटो.

निवडीसाठी निबंध आणि मुलाखत असते. तिथे ‘मला मुलांची आवड आहे’ एवढ्याने भागत नाही. आपल्या शाळेतलं बोला. समजा देवगडच्या खलाशाचा मुलगा आहे, त्याला दहावीनंतर बोटीवरच जायचंय आणि आई नको म्हणतेय. त्याला रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाबद्दल, आयटीआयबद्दल कसं सांगाल, आणि मुळात त्याचं म्हणणं आधी कसं ऐकाल? याचं उत्तर ज्याने मनात घोळवलंय, त्याला मुलाखतीची भीती नको.

ज्यांना अजून नोकरी नाही आणि पदवीला मानसशास्त्र होतं, त्यांनी नियमित एम.ए.च करावं. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग कलिन्याला आहे. सिंधुदुर्गातल्यांना कोल्हापूर किंवा गोवाही जवळ पडतं, पण विद्यापीठ बदललं की स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. बी.एड. झालेल्यांना एम.एड.चाही पर्याय आहे, त्याची प्रवेश परीक्षा राज्याचा सीईटी कक्ष घेतो.

नोकरीचं म्हणाल तर सीबीएसईने २०१८ च्या संलग्नता नियमावलीत माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांना समुपदेशक नेमण्याची अट घातली. २०१८ च्या त्या नियमांत मानसशास्त्राची पदवी जशी चालत होती, तशी कोणत्याही पदवीसोबत मार्गदर्शन-समुपदेशनाची पदविकाही. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला लागते. शाळेतल्या या पदासाठी त्या नियमावलीत ती मागितलेली नव्हती. त्यामुळे केवळ त्या नोंदणीच्या धास्तीने अर्ज करायचं टाळू नका.