गप्पीची पिल्लं जन्मतात सहज, पण मरतात कशानं?

चवथीच्या आदल्या दिवशी घरात सगळे माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-भाज्यांची चौकट, बांधायच्या गडबडीत आणि हॉलमधल्या माशांच्या टाकीत आमची पिवळी गप्पी मादी कोपऱ्यात एका जागी थरथरत उभी. पोट चौकोनी झालेलं, शेपटीच्या अलीकडचा काळा डाग एवढा गडद की नीट बघितलं तर आत बारीक बारीक डोळे दिसत होते, पिल्लांचे डोळे. मग एक गोळी बाहेर पडली. गोळी कसली, पिल्लूच ते, शेपूट डोक्याला टेकवून दुमडलेलं, बाहेर आल्या आल्या स्प्रिंगसारखं सरळ झालं, तळाला जाऊन क्षणभर पडून राहिलं आणि मग वर झेपावलं. लांबी 6-7 मिलिमीटर, जिऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं.

गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे सगळे एकाच कुळातले. बहुतेक मासे अंडी पाण्यात टाकून मोकळे होतात, पण ह्यांची अंडी मादीच्या पोटातच फलित होतात आणि तिथेच अंड्यातल्या बलकावर साधारण 4 आठवडे पिल्लू वाढतं, पाणी गार असलं तर थोडं जास्त. "दुकानातून नुसत्या माद्याच आणल्या तरी पिल्लं कशी झाली?" असं बरेच जण विचारतात. मादी नराचे शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवते, एका मीलनावर चार-पाच वेळासुद्धा पिल्लं देते, त्यामुळे दुकानातली मादी बहुधा गाभणच घरी येते.

आई स्वतःचीच पिल्लं खाते हे खरं आहे. पण तिला दुष्ट म्हणू नका, तिच्या दृष्टीने समोर हललेली बारीक वस्तू म्हणजे खाणं, स्वतःचं पिल्लू ओळखायची सोयच तिच्याकडे नाही. ह्यावर लोक ब्रीडिंग बॉक्स आणतात, मला तो अजिबात आवडत नाही, कारण ऐनवेळी मादीला जाळीत पकडून त्या चिमुकल्या डब्यात कोंडलं की ती घाबरते आणि कधीकधी अर्धवट वाढलेली, पोटाला बलक चिकटलेली पिल्लं टाकते. त्यापेक्षा टाकीत जावा मॉस नाहीतर हायड्रिला अशी पाणवनस्पती दाट भरा, पिल्लं आपोआप त्यात घुसून बसतात, मग मगाने अलगद उचलून वेगळ्या टबात घ्यायची.

पण खरा घात आई नाही करत, पाणी करतं. माझ्या पहिल्या खेपेला 40 च्या आसपास पिल्लं होती, मी मायेपोटी उकडलेल्या अंड्याचा बलक चमचाभर सोडला, सकाळी पाणी दुधासारखं पांढरं आणि 6 पिल्लं जिवंत. आजही आठवलं की वाईट वाटतं. झालं काय तर उरलेलं अन्न कुजून अमोनिया तयार झाला. जुन्या टाकीतल्या स्पंजमध्ये जे बॅक्टेरिया वस्ती करून असतात ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात, नवीन टबात ते नसतातच. म्हणून मोठ्या टाकीत महिनाभर चाललेला स्पंज फिल्टर पिल्लांच्या टबात लावा, आणि दर एक-दोन दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदला. नळाचं असेल तर क्लोरीन काढायचं औषध घालूनच.

आपल्याकडे गोव्यात अजून एक भानगड आहे. चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं, आणि ह्या माशांना हवं क्षार असलेलं जड पाणी, मॉलीला तर फारच. उपाय स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, रिकाम्या शिंपल्या खरवडून, उकळून, उन्हात वाळवून मूठभर टबात टाका, त्या कॅल्शियम कार्बोनेटच्या असल्यामुळे हळूहळू विरघळून पाणी जड करत राहतात.

खायला घालायचं तर चिमटीत चुरलेलं फ्लेक (माशांचं पापुद्र्यासारखं कोरडं खाणं) दिवसातून चार वेळा, पाच मिनिटांत संपेल एवढंच. पण अर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, दिलात तर वाढ डोळ्यांना दिसते. लिटरभर पाण्यात 25-30 ग्रॅम मीठ, मी आगरवाडोच्या मिठागरातलं जाडं मीठ वापरतो, त्यात अर्टेमियाची चिमूटभर अंडी आणि एअर पंपाची नळी, 24 ते 36 तासांत नारिंगी ठिपके पोहायला लागतात. पंप बंद केला की टरफलं वर तरंगतात, खाली बॅटरी धरली की ठिपके उजेडाकडे गोळा होतात, ते कापडातून गाळून साध्या पाण्याने धुवायचे आणि लगेच घालायचे, कारण त्यांच्या अंगातला बलक तासागणिक कमी होत जातो. पिल्लांची पोटं दहा मिनिटांत नारिंगी होतात, ते एकदा बघाच!

महिनाभराने पोटाखालचा पर बघत जा. नराचा तो पर काडीसारखा टोकदार होतो, मादीचा पंख्यासारखाच राहतो. काडी दिसली की त्याच दिवशी नर-माद्या वेगळ्या करा, नाहीतर दोन-तीन महिन्यांत ह्याच पिल्लांना पिल्लं. आणि जास्त झाली म्हणून ओहोळात किंवा तळीत मात्र सोडू नका. गप्पी मूळची दक्षिण अमेरिकेतली, डासांसाठी 1908 मध्ये भारतात आणलेली, ती सुटली की आपल्या तळ्यातल्या बारीक माशांच्या तोंडचा घास पळवते. मी जास्तीची पिल्लं शेजाऱ्यापाजाऱ्यांना देतो, बरोबर मॉसचा एक पुंजका आणि चार शिंपल्या.