लुई द फ्युनेस

लुई द फ्युनेस (३१ जुलै १९१४ – २७ जानेवारी १९८३) हा फ्रान्सचा विनोदी नट. तिकडे आजही कुठल्याही घरात आजोबा-नातू दोघं मिळून याचे पिक्चर बघतात. जन्म पॅरिसजवळच्या कुरब्वाचा, आईवडील मात्र स्पेनहून आलेले. आई प्रचंड तापट, आणि तिचं ते चिडणं, हातवारे, आरडाओरडा आपण तिच्याकडूनच उचलला असं तो स्वतःच सांगायचा.

याची गंमत अशी की हा माणूस स्टार झाला तो पन्नाशीत. त्याआधी काय काय केलं विचारू नका, फरचे कोट शिवायच्या धंद्यात उमेदवारी केली, दुकानांच्या काचा सजवल्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅरिसच्या पिगाल भागातल्या बारमध्ये रात्र रात्र पियानो वाजवला. सिनेमात पहिल्यांदा दिसला तो १९४६ मध्ये, एका कॅबरेचा दरवान म्हणून, तेही काही सेकंद. पुढची दहा वर्षं वेटर, शेजारी, कारकून असले चिल्लर रोल, कधीकधी दिवसाला दोन-दोन सेट. मला तर वाटतं हीच त्याची खरी शाळा, कारण अर्ध्या मिनिटात लोकांच्या लक्षात राहायचं तर चेहऱ्याची प्रत्येक शीर कामाला लावावी लागते.

१९५६ च्या 'ला त्राव्हेर्से द पारी'मध्ये पहिल्यांदा लोकांनी त्याला नीट पाहिलं. जर्मनांच्या ताब्यातलं पॅरिस, आणि हा काळ्या बाजारात डुकराचं मटण विकणारा झांबिए. तळघरात झां गाबँ (तिकडचा तेव्हाचा मोठा नट) त्याच्याकडे जास्तीचे पैसे मागतो आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या नावाने ओरडत सुटतो, तेव्हा फ्युनेस जो काही आक्रसत जातो ना, ते बघाच. सीन छोटासाच आहे.

मग 'ऑस्कर' या नाटकाने रंगभूमीवर नाव झालं, आणि १९६४ च्या सप्टेंबर-नोव्हेंबरात 'ल जांदार्म द सां-त्रोपे' आणि 'फांतोमास' लागोपाठ लागले नि सगळं पालटलं. जांदार्म म्हणजे तिकडचा पोलीस, त्याचे पुढे एकूण ६ भाग आले. फ्युनेसचं पात्र सगळ्या सिनेमांत साधारण एकच, बुटका, टकला, हाताखालच्यांवर डाफरणारा आणि साहेब दिसला की लगेच लोण्यासारखा वितळणारा. असे साहेब प्रत्येक ऑफिसात असतात, त्यामुळे भाषा न कळूनही हसू येतं.

दिग्दर्शक जेरार उरी आणि शांत, भोळसट चेहऱ्याचा नट बूरव्हिल यांच्यासोबत त्याने 'ल कोर्नियो' (१९६५) आणि 'ला ग्रांद वाद्रुई' (१९६६) केले. दुसऱ्याची फ्रान्समध्ये १ कोटी ७२ लाखांवर तिकिटं खपली. 'टायटॅनिक' आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलाय, पण तिथे त्याने तीस वर्षांहून जुना कुणाचा रेकॉर्ड मोडला हे फारसं कुणाला माहीत नसतं, तर तो याचा. 'ला ग्रांद वाद्रुई'त फ्युनेस ऑपेराचा कंडक्टर, म्हणजे वादकांना छोट्या काठीने इशारे देणारा, आहे आणि त्या सीनसाठी त्याने बरेच दिवस तालीम करून ती काठी फिरवायला शिकून घेतलं होतं. बूरव्हिल १९७० ला गेला, ती जोडी तिथेच संपली.

१९७३ च्या 'रॅबी जाकोब'नंतर १९७५ मध्ये हार्ट अटॅक आला. त्याच्या सिनेमांचा विमा उतरवायला कंपन्या तयार होईनात, तेव्हा पुढच्या वर्षीच्या 'लेल उ ला क्विस'च्या सेटवर डॉक्टर आणि अ‍ॅम्ब्युलन्स उभी ठेवून शूटिंग केलं, आणि भूमिका कुठली तर हॉटेलांमध्ये खात हिंडणाऱ्या समीक्षकाची, खऱ्या आयुष्यात पथ्यावर असताना! १९८० मध्ये फ्रान्सच्या सिनेमाचा मानाचा सेझार पुरस्कार मिळाला, द्यायला अमेरिकन विनोदी नट जेरी लुईस आला होता. त्याच वर्षी जुना फ्रेंच नाटककार मोलिएर याचं कंजूष म्हाताऱ्यावरचं नाटकही सह-दिग्दर्शक होऊन पडद्यावर आणलं.

पडद्यावर एवढा कोकलणारा माणूस घरी लाजाळू आणि गप्प होता म्हणे. फ्रान्समधल्या नांत शहराजवळच्या ल सेलिए गावात बायकोच्या नातलगांचा जुना वाडा घेतला होता, तिथे हा गुलाब नि भाज्या लावत बसायचा, कुठलंही रसायन न वापरता. तिथल्याच स्मशानात त्याला पुरलंय, आणि त्याच्या नावाचा एक नारंगी गुलाबही निघालाय.