अफर्मेटिव्ह ॲक्शन : अमेरिकी कॉलेजप्रवेशाचे खटले

अमेरिकेत कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि मूळ अमेरिकी विद्यार्थ्यांना कॉलेजप्रवेशात वंश लक्षात घेऊन झुकते माप देण्याची पद्धत १९६०च्या दशकाअखेरीस रूढ झाली. तिलाच ‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’ म्हणतात. तिच्याविरुद्ध अर्धशतकभर खटले चालले आणि २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती जवळजवळ मोडीत काढली. मराठीत तिला सर्रास ‘आरक्षण’ म्हटले जाते, ते बरोबर नाही. वंशानुसार ठराविक जागा बाजूला काढणे तिथे १९७८ पासूनच बेकायदा आहे. पुढची पंचेचाळीस वर्षे भांडण एवढ्यावरच होते की, अर्ज तपासताना अनेक बाबींमधली एक बाब म्हणून वंश मोजता येतो की नाही.

या सगळ्या खटल्यांच्या मुळाशी १८६८ची चौदावी घटनादुरुस्ती आहे. कोणतेही राज्य कोणाही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही, असे ती सांगते. खासगी कॉलेजांना ती थेट लागू होत नाही, पण केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थांना १९६४च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण तोच नियम लावते. ही दुरुस्ती गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांसाठी झाली होती, आणि कॉलेजांची दारे उघडायला तिचा उपयोग आधी त्यांनीच केला. जॉर्ज मॅकलॉरिन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला ओक्लाहोमा विद्यापीठाने डॉक्टरेटसाठी प्रवेश दिला, पण बसवले वर्गाला लागून असलेल्या खोलीत. ग्रंथालयात त्याला मधल्या मजल्यावरचे एक टेबल नेमून दिले, वाचनकक्षात बसायला मनाई केली. कॅफेटेरियात त्याचे टेबल वेगळे आणि जेवायची वेळही वेगळी. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले. पुढे हेच कलम पुकारत गोरे अर्जदार न्यायालयात आले, तेव्हा या टेबलाला जेमतेम पाव शतक उलटले होते.

पहिला मोठा निकाल १९७८चा, बॅकी खटल्याचा. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत १०० जागा होत्या आणि त्यांतल्या १६ अल्पसंख्याकांच्या विशेष योजनेसाठी ठेवल्या होत्या. ॲलन बॅकी या गोऱ्या इंजिनिअरला १९७३ आणि १९७४ अशी दोन्ही वर्षे प्रवेश नाकारला गेला. नऊ न्यायाधीश चार-चार असे विभागले आणि मधले एक मत न्या. लुइस पॉवेल यांचे उरले. त्यांनी १६ जागांचा कोटा रद्द करून बॅकीला प्रवेश द्यायला लावला, पण वंश ही एक बाब म्हणून विचारात घ्यायला मोकळीक ठेवली.

या निकालातली खरी कलाटणी आकड्यांत नाही, कारणांत आहे. विद्यापीठाने योजनेची चार उद्दिष्टे सांगितली होती : वैद्यकीय व्यवसायातली अल्पसंख्याकांची तूट भरून काढणे, समाजातल्या भेदभावाचे परिणाम पुसणे, डॉक्टर नसलेल्या वस्त्यांना डॉक्टर मिळवून देणे, आणि विविध विद्यार्थ्यांमुळे शिक्षणाला होणारा फायदा. पॉवेल यांनी पहिल्या तिन्हींच्या आधारे योजना टिकू दिली नाही, फक्त चौथे उद्दिष्ट ग्राह्य मानले. न्या. थर्गुड मार्शल यांनी स्वतंत्र मत लिहून गुलामगिरीपासूनचा इतिहास मांडला, पण कायदा पॉवेल यांच्या वाटेने गेला. तेव्हापासून कुठल्याही कॉलेजला ‘या समाजावर अन्याय झाला, तो आम्ही भरून काढतो आहोत’ असे न्यायालयात म्हणून चालेना. ‘यांच्या असण्याने आमचा वर्ग समृद्ध होतो’ एवढेच म्हणता येई. ज्याचे देणे लागतो त्याचा हिशेब बाजूला ठेवून त्याच्या उपयोगाची चर्चा सुरू झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते या पद्धतीची खरी दुबळी बाजू इथेच तयार झाली. विविधता किती झाली म्हणजे पुरे, याला माप नाही, आणि पुढच्या प्रत्येक खटल्यात विरोधकांनी नेमके तेच विचारले.

१९९६ मध्ये पाचव्या केंद्रीय अपील न्यायालयाने हॉपवूड खटल्यात टेक्सासमधली वंशाधारित पद्धत थांबवली. त्यावर टेक्सासने १९९७ मध्ये प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश देणारा कायदा केला. १९९६ मध्येच कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन २०९’ मंजूर करून सरकारी संस्थांमधले असे प्राधान्य बंद केले. २००६ मध्ये मिशिगननेही तेच केले आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदारांचा हा अधिकार मान्य केला.

मिशिगन विद्यापीठावरचे दोन खटले २३ जून २००३ रोजी एकाच दिवशी सुटले. पदवीच्या प्रवेशासाठी तिथे १५० गुणांचा तक्ता होता आणि १०० गुण झाले की प्रवेश बहुतेक पक्का. कमी प्रतिनिधित्व असलेल्या अल्पसंख्याकांना त्यात सरसकट २० गुण मिळत, तर प्रवेशपरीक्षेतल्या पैकीच्या पैकी गुणांना १२. हा १२ आणि २०चा फरक वर्तमानपत्रांत फार गाजला. तक्त्यातल्या बाकीच्या ओळींची चर्चा कमी झाली : शिष्यवृत्तीवरच्या खेळाडूला २०, मिशिगनच्या रहिवाशाला १०, माजी विद्यार्थ्याच्या मुलाला ४. ग्रॅट्झ खटल्यात न्यायालयाने ६-३ मतांनी हा तक्ता रद्द केला. ग्रटर खटल्यात मात्र त्याच विद्यापीठाच्या विधी शाखेची, प्रत्येक अर्ज समग्र पाहण्याची पद्धत ५-४ मतांनी टिकली. न्या. सँड्रा डे ओ’कॉनर यांनी निकालात लिहिले की, आणखी २५ वर्षांनी अशा प्राधान्याची गरज उरणार नाही अशी अपेक्षा आहे. ही अपेक्षा होती, पण पुढे तिच्याकडे मुदत म्हणून पाहिले गेले.

ग्रटर निकालानंतर टेक्सास विद्यापीठाने वंश पुन्हा विचारात घ्यायला सुरुवात केली होती. त्याविरुद्धचा फिशर खटला दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१३ मध्ये तो परत पाठवला गेला, २०१६ मध्ये विद्यापीठ ४-३ मतांनी जिंकले. या खटल्यामागे वंशाधारित प्राधान्याचे विरोधक एडवर्ड ब्लम होते. त्यांनीच २०१४ मध्ये ‘स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स’ ही संस्था काढून हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ यांच्यावर दावे लावले. या वेळी तक्रार मुख्यतः आशियाई वंशाच्या अर्जदारांच्या नावाने होती. हार्वर्डमध्ये अर्जदाराला अभ्यास, अभ्यासेतर उपक्रम, खेळ अशा सदरांत श्रेणी देतात, तशीच एक व्यक्तिमत्त्वाचीही देतात. या व्यक्तिमत्त्वाच्या श्रेणीत आशियाई मुलांना सरासरी कमी मिळत असल्याचे आकडे पुढे आले. ही बाब खरोखर खुपणारी आहे. अभ्यासात पुढे असलेल्या मुलाला स्वभावात कमी लेखणे कोणत्याही सामाजिक न्यायात बसत नाही. दोन्ही कनिष्ठ न्यायालयांनी तरीही विद्यापीठांच्या बाजूने कौल दिला. पण याच खटल्यात दुसराही आकडा नोंदला गेला : खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची व प्राध्यापकांची मुले आणि डीनच्या खास यादीतले (देणगीदारांचे नातलग वगैरे) अर्जदार मिळून हार्वर्डच्या अर्जांत पाच टक्क्यांहून कमी असतात, प्रवेशांत मात्र सुमारे तीस टक्के. या वाटेवर कोणी दावा लावला नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दोन्ही पद्धती घटनाबाह्य ठरवल्या. नॉर्थ कॅरोलिनाचा निकाल ६-३, हार्वर्डचा ६-२, कारण हार्वर्डच्या नियामक मंडळावर राहिलेल्या न्या. केटांजी ब्राउन जॅक्सन त्यातून बाजूला झाल्या होत्या. विविधतेचे फायदे मोजता येत नाहीत, ‘आशियाई’सारखी वर्गवारी ढोबळ आहे आणि या पद्धतीला शेवटची तारीख नाही, असे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिले. योगायोग असा की, १९७८ मध्ये पॉवेल यांनी आदर्श म्हणून दाखवलेली पद्धत हार्वर्डचीच होती. न्या. सोनिया सोटोमायोर आणि न्या. जॅक्सन यांनी असहमतीच्या मतांत वंशभेदाचा इतिहास पुन्हा मांडला. लष्करी अकादमींचा प्रश्न न्यायालयाने एका तळटीपेत मोकळा सोडला.

परिणाम सगळीकडे सारखे झाले नाहीत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत निकालानंतरच्या पहिल्या तुकडीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ५ वर आले, येलमध्ये ते १४ टक्क्यांवर कायम राहिले. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खासगी कॉलेजांतले माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचे प्राधान्य बंद करणारा कायदा केला. निबंधाची वाट मात्र २०२३च्या निकालाने उघडी ठेवली आहे. वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडले हे अर्जदार लिहू शकतो आणि कॉलेज त्याच्या जिद्दीचे किंवा नेतृत्वाचे मोल करू शकते. अट एवढीच की, ते मोल त्या एका विद्यार्थ्याचे असावे, त्याच्या वंशाचे नसावे. म्हणून निकालानंतर अनेक कॉलेजांनी अर्जातले निबंधाचे प्रश्न बदलले, आणि आता सतरा वर्षांच्या मुलांना आपल्या घरावर काय गुदरले ते काहीशे शब्दांत मांडावे लागते.