पीसीओएस आणि एडीएचडी यांचा संबंध (बेळगाव सीमाभाग)

पीसीओएस म्हणजे आपल्याकडं सगळे ज्याला पीसीओडी म्हणतात तो पाळीचा न् हार्मोन्सचा त्रास. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, विसरणं, उतावळेपणा, एका जागी बसवत नाही असा लहानपणापासूनचा मेंदूच्या वाढीशी निगडित प्रकार. हे दोन्ही एकाच बाईत निव्वळ योगायोगानं सापडावेत त्यापेक्षा जास्त वेळा सापडतात असं गेल्या दहाएक वर्षांतल्या अभ्यासांतून दिसायला लागलंय, पण एकामुळं दुसरं होतं असं सिद्ध झालेलं नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पहिलं नाव आता घरोघरी माहीत झालंय, दुसरं अजून "दंगेखोर पोरांचं काहीतरी" एवढंच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं मूल होण्याच्या वयातल्या साधारण १० ते १३ टक्के बायकांना पीसीओएस असतो आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना तो आहे हे कळलेलंच नसतं. निदानासाठी २००३ चे रॉटरडॅम निकष वापरतात: पाळी अनियमित, अँड्रोजेन म्हणजे पुरुषी हार्मोन जास्त (हनुवटीवर केस, पिंपल्स, किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन), सोनोग्राफीत अंडाशयावर बरेच बारीक फुगे, या तीनपैकी दोन असले की झालं. म्हणजे नुसत्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर "पीसीओडी आहे" म्हणून पोरीला आयुष्यभर घाबरवून ठेवायचं काही कारण नाही. एडीएचडीला रक्ताची तपासणी नाही की स्कॅन नाही, सगळं निदान विचारपूस करून होतं आणि त्यात एक अट पक्की असते, लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून दिसत असली पाहिजेत.

संबंधाचा एक मोठा पुरावा स्वीडनचा आहे आणि तो आयांपेक्षा मुलांबद्दल आहे. तिथल्या सरकारी नोंदींवरून २०१७ मधे आलेल्या अभ्यासात पीसीओएस असलेल्या आयांच्या मुलांमधे एडीएचडीची शक्यता ४२ टक्क्यांनी जास्त निघाली, आईचं वजनही खूप असेल तर अजून जास्त. हा आकडा ऐकून लगेच घाबरू नये, कारण समजा १०० मुलांमागं ५ जणांना असेल तर ते साधारण ७ होतात, ४२ मुलं नव्हे (आणि कृपा करून हे लग्नाच्या बैठकीत काढू नका, तिथं आधीच पत्रिकेपासून रंगापर्यंत सगळं काढून झालेलं असतं). कारण म्हणून गर्भात मिळालेलं जास्तीचं अँड्रोजेन, दोन्हीकडं असणारा आनुवंशिक भाग, इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ते) अशा गोष्टी सुचवल्या जातात. त्याशिवाय इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनचा मेंदूतल्या डोपामिनवर, म्हणजे लक्ष टिकवायला लागणाऱ्या रसायनावर, परिणाम होतो आणि पाळीच्या आधी ते उतरतं, म्हणून एडीएचडी असलेल्या कित्येक बायका पाळीच्या आधीच्या आठवड्यात डोकं अजिबात चालत नाही म्हणतात. आता पाळी महिन्याला येत असेल तर तो आठवडा ओळखता तरी येतो, पीसीओएसमधे पाळी दोन-दोन महिने येत नाही तेव्हा तो कधी येणार याचाही पत्ता नसतो.

पण रोजच्या जगण्यात हा संबंध खरा दिसतो तो उपचारात. पीसीओएसला सांगितलेलं सगळं काय असतं बघा, वेळेवर जेवा, गोड कमी करा, रोज चाला, गोळी चुकवू नका, पाळीच्या तारखा लिहून ठेवा, तीन महिन्यांनी परत दाखवा. म्हणजे ठरवणं, लक्षात ठेवणं, रोज तेच करत राहणं, नेमकं एडीएचडीच्या माणसाला जे सगळ्यात जड जातं तेच. मग पोरगी पहिला आठवडा जोरात चालायला जाते, दुसऱ्या आठवड्यात गोळ्यांची स्ट्रिप पर्समधे तशीच राहते, दुपारचं जेवण विसरते आणि रात्री एकदम भूक लागली की समोरचा कुंद्याचा डबा रिकामा करते, असलं सपाटून खाणं एडीएचडीत जास्त आढळतं हेही अभ्यासांत आलंय. वजन उतरत नाही, डॉक्टर रागावतात, घरी आई म्हणते "अगं जरा मनावर घे की", आणि ती स्वतःला आळशी समजायला लागते. माझं स्पष्ट मत आहे की डाएटचा कागद दोन-तीनदा फसलेल्या पेशंटला चौथा कागद द्यायच्या आधी शाळेत कशी होतीस एवढं तरी विचारावं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत पीसीओएसच्या बायकांची डिप्रेशन आणि अँक्झायटीसाठी चाचपणी करा असं आहेच, त्याच बैठकीत हा एक प्रश्न मावतो.

उलट बाजूनं, प्रत्येक विसराळूपणा एडीएचडी नसतो. मेटफॉर्मिन (पीसीओएसमधेही देतात ती शुगरची गोळी) बरीच वर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं, त्यात निपाणी-चिकोडीकडच्या जैन घरांसारखं पूर्ण शाकाहारी खाणं असेल तर आधीच कमी असायची शक्यता, आणि बी-१२ कमी असलं की थकवा, विसरणं, लक्ष न लागणं हे सगळं होतं. थायरॉइड, रक्त कमी असणं, झोपेत घोरणं-श्वास अडकणं यांचंही तसंच. पंचविशीत गोळ्या सुरू झाल्यावर विसरायला लागली असेल तर आधी रक्त तपासा. पाचवीच्या प्रगतीपुस्तकात "हुशार आहे पण लक्ष देत नाही" असा शेरा असेल तर गोष्ट वेगळी, मराठी शाळेतली ती जुनी पुस्तकं माळ्यावर असतील तर काढून सायकियाट्रिस्टला जरूर दाखवावीत, डॉक्टरला मराठी येत नसेल तर शेरा तिथंच वाचून अर्थ सांगता येतो.

सीमाभागात अडचण अशी की बायकांचे डॉक्टर तालुक्यालाही मिळतात पण मोठ्यांच्या एडीएचडीची तपासणी करणारे शोधावे लागतात. बेळगावात बिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आणि केएलईचं हॉस्पिटल आहे, मानसिक आजारांची मोठी सरकारी संस्था धारवाडला डिमहान्स, निपाणीकर सरळ कोल्हापूर गाठतात. सरकारी फॉर्म कन्नडमधे, प्रश्नावली बऱ्याचदा इंग्रजीत, म्हणून "काम अर्धवट सोडता का" असल्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं तर मराठी समजणारं कोणीतरी समोर हवं. नुसतं बोलून सुरुवात करायची तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ नंबर फुकट आहे, भाषा निवडता येते. एडीएचडीच्या औषधांपैकी मेथिलफेनिडेट नियंत्रित औषध आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि गावातल्या प्रत्येक मेडिकलमधे नसतं, त्यानं भूक मरते आणि बीपी-ठोके वाढू शकतात, म्हणून पीसीओएसच्या गोळ्या चालू असतील तर दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवाव्यात, आणि मूल हवं असेल तर ते आधी सांगावं.